हवाईचा समुद्र ओळखायचा असेल तर आधी पेन्सिलीने नकाशा काढा

होनोलुलूत मुलीकडे राहायला आल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी सुट्टीला येतच असतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, पोहायला सगळ्यात चांगला बीच कोणता?" मी विचारतो, "महिना कोणता, वारा कुठला आणि लाट कुठून येतेय?" हवाईत या तीन गोष्टी कळल्याशिवाय बीचचं नाव सांगणं धोक्याचं आहे. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वायमेआ बेमध्ये जुलैत लहान मुलं डुंबत असतात. त्याच वायमेआत जानेवारीत दुमजली घराहून उंच लाटा फुटतात आणि कसलेले सर्फरसुद्धा काठावर उभे राहून विचार करतात.

माझं आयुष्य व्यापारी जहाजांवर गेलं. सेकंड ऑफिसर होतो तेव्हा चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, माझ्या ताब्यात असायचे. ते अद्ययावत ठेवायचे, त्यावर मार्ग आखायचा, खोली वाचायची. ती सवय अजून आहे, म्हणून आलेल्या प्रत्येकाला मी एक कोरा कागद, पेन्सिल आणि पट्टी देऊन टेबलाशी बसवतो. तासाभरात हवाईचा कामापुरता नकाशा तयार होतो. त्यावर वाऱ्याचे आणि लाटांचे बाण येतात, आणि मग कुठल्या दिवशी कुठल्या किनाऱ्यावर जायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं. तीच रीत इथे लिहितो. नकाशा छापून घेऊ नका, हाताने काढा. हाताने काढलेली किनाऱ्याची दिशा डोक्यात पक्की बसते, आणि इथे सगळं दिशेवर आहे.

कागदाची तयारी

ए-फोर कागद आडवा घ्या, उत्तर वर. डाव्या कडेला खालून वर 18.5 ते 22.5 उत्तर अक्षांश मांडा, एका अंशाला 4 सेंटीमीटर. खालच्या कडेला उजवीकडून डावीकडे 154.5 ते 160.5 पश्चिम रेखांश मांडा, एका अंशाला पावणेचार सेंटीमीटर. विषुववृत्तापासून वर सरकलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून हा पाव सेंटीमीटरचा फरक. पश्चिम रेखांश असल्यामुळे आकडा डावीकडे वाढतो. नवशिके हमखास इथे उलटं मांडतात, तेव्हा आधी आकडे लिहा आणि मगच बेटांकडे वळा. एक अंश अक्षांश म्हणजे 60 सागरी मैल, त्यामुळे तुमच्या कागदावर एक सेंटीमीटर झाला 15 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरचा. हे प्रमाण कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उजवीकडून सुरुवात करा. सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव हवाई आणि राज्याचंही हवाई, म्हणून इथे त्या बेटाला सगळे बिग आयलंड म्हणतात. मीही तसंच म्हणेन. त्याचे चार कोपरे टिंबांनी मांडा: दक्षिणेचं टोक का लाए 18.9 उत्तर, 155.7 पश्चिम. पूर्वेचं कुमुकाही 19.5 आणि 154.8. उत्तरेचं उपोलू 20.3 आणि 155.9. पश्चिमेचं केआहोले 19.7 आणि 156.1. टिंबं जोडली की बेट उभं राहतं.

त्याच्या वायव्येला माउई, 20.8 उत्तर आणि 156.3 पश्चिमेच्या आसपास. उजवीकडे हालेआकालाचा मोठा गोळा, डावीकडे पश्चिम माउईचा लहान गोळा, मध्ये सखल चिंचोळी पट्टी. माउईच्या नैऋत्येला छोटं काहोओलावे, पश्चिमेला लानाई, आणि वर वायव्येला मोलोकाई. मोलोकाई पूर्व-पश्चिम लांबट आहे, कागदावर दोन सेंटीमीटरच्या जरा वर. मग ओआहू, 21.5 आणि 158.0 च्या जवळ. होनोलुलू त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर. ओआहूत वायव्य-आग्नेय धावणाऱ्या दोन डोंगररांगा नक्की दाखवा, पूर्वेला कोओलाउ आणि पश्चिमेला वायआनाए. शेवटी बरंच अंतर सोडून काउआई, 22.05 आणि 159.5, जवळजवळ गोल. त्याच्या डावीकडे नीहाउ, 21.9 आणि 160.15. झाली आठ मुख्य बेटं. रेषा वाकड्या आल्या तरी चालतील, टोकं मात्र योग्य दिशेला हवीत.

बेटाचं वय लिहा

प्रत्येक बेटाशेजारी त्याचं वय लिहायचं. बिग आयलंड दहा लाख वर्षांच्या आतलं, आणि तिथला किलावेआ अजून लाव्हा ओततो आहे. माउईचा हालेआकाला दहा लाखांच्या आसपास. ओआहूतला कोओलाउ सुमारे पंचवीस लाख, वायआनाए त्याहून जुना. काउआई आणि नीहाउ पन्नास लाखांच्या घरात. आकडे डावीकडे वाढत जातात, आणि ते का वाढतात हे समजलं की अर्धा भूगोल समजला. पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक वर येण्याची एक जागा बिग आयलंडच्या परिसरात आहे. तिच्यावरून पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे समुद्रतळाचा एक प्रचंड तुकडा, वर्षाला सात ते दहा सेंटीमीटर या गतीने वायव्येकडे सरकतो. ज्वालामुखी तयार होतो, पट्टाबरोबर पुढे जातो, खालचा पुरवठा तुटतो आणि तो विझतो. मागे नवा उभा राहतो. कॅनडाचे भूवैज्ञानिक जॉन तुझो विल्सन यांनी 1963 मध्ये ही कल्पना मांडली ती याच बेटांच्या रांगेकडे बघून.

पुढचं बेटही तयार होतंय. बिग आयलंडच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे 35 किलोमीटरवर, म्हणजे तुमच्या कागदावर सव्वा सेंटीमीटरवर, एक फुली मारा. तिथे कामाएहुआकानालोआ नावाचा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे. 2021 पर्यंत त्याला लोइही म्हणत. त्याचं शिखर पृष्ठभागापासून साधारण 975 मीटर खाली आहे.

पोहणाऱ्याला या वयाचा उपयोग काय? फार आहे. तरुण बेटाचा किनारा काळा, धारदार आणि उघडा असतो. प्रवाळ वाढायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे लाट अडवणारं काही नसतं आणि पाणी काठाशीच खोल होतं. बिग आयलंडवरच्या पुनालुऊची काळी वाळू म्हणजे पाण्यात पडून फुटलेला लाव्हा. 2018 मध्ये किलावेआच्या लाव्हाने बिग आयलंडचा कापोहो बे पूर्ण भरून टाकला आणि सातशेहून जास्त घरं गेली. जिथे भरतीच्या डबक्यांत लोक मासे बघत पोहायचे, तिथे आता दगड आहे. जुना नकाशा घेऊन बिग आयलंडच्या त्या कोपऱ्यात जाऊ नका.

वय वाढतं तसं पाऊस डोंगर कापतो, दऱ्या रुंद होतात, नद्या खाड्या करतात, आणि किनाऱ्याभोवती प्रवाळाची कड तयार होते. ओआहू आणि काउआईवरच्या पांढऱ्या वाळूत प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, आणि त्यातला बराचसा चुरा पोपटमाशांनी चोचीने खरवडून, पचवून, मागे टाकलेला असतो. अशा किनाऱ्यावर आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. पण त्या कडेत जिथे खिंड असते, तिथून आत आलेलं सगळं पाणी जोराने बाहेर जातं. याबद्दल पुढे.

काउआईपुढे तुमचा कागद संपतो, रांग संपत नाही. तिथून ती वायव्येला क्युरे प्रवाळद्वीपापर्यंत जाते. बिग आयलंडपासून क्युरे साधारण 2,400 किलोमीटर. तिकडे बेटं झिजत, बुडत गेलेली आहेत: आधी निहोआसारखा उभा खडक, मग नुसती वाळूची पट्टी आणि प्रवाळाचं कडं. क्युरे हे जगातलं सर्वांत उत्तरेकडचं प्रवाळद्वीप. तो सगळा भाग पापाहानाउमोकुआकेआ नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. 2006 मध्ये ते जाहीर झालं आणि 2016 मध्ये वाढून पंधरा लाख चौरस किलोमीटरच्या वर गेलं. परवान्याशिवाय तिथे जाता येत नाही, आणि हे फार चांगलं आहे. 2018 च्या ऑक्टोबरात वलाका चक्रीवादळाने तिथलं ईस्ट आयलंड नावाचं बेट जवळजवळ पुसून टाकलं. कासवं तिथे अंडी घालायची.

पाण्याखालची जमीन

आता खोली. जुन्या कागदी चार्टवर हवाईची खोली फॅदममध्ये असे, एक फॅदम म्हणजे 1.83 मीटर. 19004 क्रमांकाच्या चार्टवर सगळी मुख्य बेटं एकत्र दिसायची. अमेरिकेने पारंपरिक कागदी चार्ट आता बंद केले, पण इलेक्ट्रॉनिक चार्ट नोआ या तिथल्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तो उघडा आणि बेटांमधल्या प्रत्येक खाडीत (दोन बेटांमधल्या समुद्राच्या पट्ट्याला मी खाडी म्हणतोय) सर्वांत मोठा आकडा शोधून आपल्या कागदावर लिहा.

काउआई आणि ओआहूमध्ये तीन हजार मीटरच्या वर पाणी आहे. ओआहू आणि मोलोकाईमधल्या कायवी खाडीत सुमारे 700 मीटर. माउई आणि बिग आयलंडमधल्या आलेनुइहाहामध्ये दोन हजार मीटरच्या जवळपास. आणि माउई-लानाईमधल्या आउआउमध्ये? बाकीच्यांच्या मानाने अगदीच छोटा आकडा. पहिल्यांदा हा आकडा बघणाऱ्याला छपाईची चूक वाटते. पण माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे ही चार एकेकाळी एकच मोठं बेट होती, आजच्या बिग आयलंडहूनही मोठी. आपल्याच वजनाने ते बेट खचलं, सखल भागात पाणी शिरलं आणि चार तुकडे दिसू लागले. हिमयुगात समुद्र खाली गेला की यातली काही पुन्हा जोडली जात. या चौघांभोवती तुटक रेषेने एक वळसा काढा.

या उथळ, आडोशाच्या पाण्यात हिवाळ्यात अलास्काकडून हम्पबॅक देवमासे येतात, पिलांना जन्म देतात. डिसेंबर ते एप्रिल हा त्यांचा काळ, फेब्रुवारीत सगळ्यात जास्त. माउईवरच्या लाहाइनाच्या किनाऱ्यावरूनसुद्धा उडालेलं पाणी दिसतं. पाण्यात त्यांच्यापासून 100 यार्डांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे. पहाटे त्या खाडीत डोकं पाण्याखाली घातलं आणि त्यांचं गाणं कानावर आलं की माणूस पोहणं विसरून नुसता तरंगत राहतो.

आणखी एक गोष्ट चार्टवर बघा: बेटाच्या किनाऱ्यापासून शंभर फॅदम खोलीची रेषा किती जवळ आहे ते. खंडांच्या किनाऱ्याला उथळ तळाचा रुंद पट्टा असतो, दुरून आलेली लाट त्यावर घासत दमत येते. हवाईला असा पट्टा जवळजवळ नाहीच. बिग आयलंडचा मौना केआ समुद्रावर 4,207 मीटर आहे, पण तळापासून मोजला तर दहा हजार मीटरच्या वर. अशा डोंगराच्या उतारावर लाट शेवटपर्यंत ताकद टिकवून येते आणि मग एकदम रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या कडेवर, आदळते. हवाईच्या लाटांचा जोर यातून येतो. बिग आयलंडच्या पश्चिमेला कोना किनाऱ्यावर बंदरातून निघालेली होडी थोड्याच वेळात हजार फॅदमवर असते आणि मार्लिन या मोठ्या माशाला गळ टाकते, तेही याच कारणाने.

जाता जाता मोलोकाईचा उत्तर किनारा जाड रेघेने काढा. तिथे समुद्रातून हजार मीटर उंचीचे कडे उठतात. ज्वालामुखीचा उत्तरेकडचा भाग सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी कोसळून समुद्रात गेला. ओआहूच्या कोओलाउचाही अर्धा डोंगर असाच गेला. त्याचा तीसेक किलोमीटर लांबीचा एक तुकडा आजही समुद्रतळावर पडलेला आहे.

वाऱ्याचा बाण

ईशान्येकडून नैऋत्येकडे एक लांब बाण काढा. हे व्यापारी वारे. उन्हाळ्यात ते जवळजवळ रोज असतात, हिवाळ्यात अधूनमधून मोडतात. प्रत्येक बेटाची ईशान्येची बाजू ही वाऱ्याकडची, नैऋत्येची बाजू वाऱ्याआडची. वाऱ्याकडे ढग डोंगराला अडतात, पाऊस पडतो, हिरवं असतं, समुद्र खडबडीत असतो. वाऱ्याआड कोरडं, ऊन, सपाट पाणी. बिग आयलंडच्या पूर्वेला हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच बेटाच्या पश्चिमेला कावाइहाएच्या बाजूला अडीचशेही नाही. गाडीने दीड-दोन तासांचं अंतर.

हा नियम डोळे मिटून लावू नका. ओआहूची कोओलाउ रांग ठेंगणी आहे, ढग तिच्यावरून पलीकडे सांडतात. त्यामुळे सर्वांत जास्त पाऊस माथ्याच्या जरा पलीकडे, वाऱ्याआडच्या बाजूला पडतो. वायकिकीत ऊन असताना पंधरा-वीस मिनिटांवरच्या मानोआच्या दरीत सरी चालू असतात. आणि कोनाचा उतार तर वेगळाच: मौना लोआ आणि हुआलालाई हे डोंगर व्यापारी वारा पूर्ण अडवतात, मग दिवसा समुद्रावरून उताराकडे झुळूक येते आणि दुपारनंतर ढग भरतात. तिथे पाऊस उन्हाळ्यात जास्त. कॉफीला हे मानवतं. पोहायला जाणाऱ्याने कोनाला सकाळी जावं.

खाड्यांवर आता छोटे बाण काढा. दोन उंच डोंगरांच्या मधून वारा जातो तेव्हा तो दाबला जाऊन वेग घेतो. आलेनुइहाहाच्या एका अंगाला 3,055 मीटरचा हालेआकाला, दुसऱ्या अंगाला मौना केआ. ही खाडी मी जहाजातूनही आदराने ओलांडली आहे. खुल्या समुद्रात बरा वाटणारा वारा तिथे एकदम वाढतो, लाटा आखूड आणि उभ्या होतात. माउईची मधली चिंचोळी पट्टीही अशीच फनेल आहे, म्हणून दुपारी माआलाएआकडे वारा सुटतो आणि होडीवाले सकाळीच फेरी उरकतात. कायवीबद्दल एवढंच सांगतो की 16 मार्च 1978 च्या रात्री होकुलेआ ही पारंपरिक नौका तिथल्या खराब समुद्रात उलटली. लोकांसाठी मदत आणायला एडी आयकाउ हा लाइफगार्ड आणि सर्फर आपल्या बोर्डवरून निघाला, तो परत आला नाही. बाकीचे वाचले. इथल्या माणसाच्या मनात त्या खाडीचं नाव त्याच्यासोबत येतं.

हिवाळ्यात कधी कधी वारा फिरतो आणि नैऋत्येकडून येतो. त्याला कोना वारा म्हणतात. त्या दिवशी तुमच्या नकाशावरची आडोशाची बाजू उघडी पडते आणि उघडी बाजू आडोशाची होते. वायकिकीचं पाणी गढूळ आणि खवळलेलं, ओआहूच्या ईशान्येकडच्या कानेओहेचं तळ्यासारखं. किलावेआ धुमसत असेल तर त्याचा धूरही ओआहूपर्यंत येतो. बारीक तुटक रेषेने हा उलटा बाणही काढून ठेवा.

लाटांचे बाण

नवखा माणूस वारा पाहतो आणि लाट विसरतो. इथे जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट वेगळी आणि हजारो किलोमीटरवरून आलेली लाट वेगळी. दुसरीला आम्ही स्वेल म्हणतो. वारा पडलेला, आकाश निळं, आणि स्वेल येऊन माणूस ओढून नेतो, असं होऊ शकतं.

हिवाळ्यात अल्युशियन बेटांजवळ वादळं होतात. त्यांची स्वेल वायव्य आणि उत्तरेकडून येते, साधारण नोव्हेंबर ते मार्च. जाड बाण काढा. उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, न्यूझीलंडच्या आसपासच्या दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांची स्वेल दक्षिणेकडून येते. ती खूप लांबून येते म्हणून मंद आणि सुबक असते. दुसरा, जरा बारीक बाण. व्यापारी वाऱ्याची स्वतःची लाट पूर्वेच्या किनाऱ्यांवर वर्षभर असते, तो तिसरा.

आता प्रत्येक बाणासमोर कोणतं बेट आडवं येतं ते बघा. पट्टी ठेवून बघा, अंदाजाने नको. पश्चिमेकडे जास्त झुकलेली स्वेल असली की काउआई तिला अडवतं आणि ओआहूला कमी लाट मिळते. मोलोकाईच्या दक्षिण किनाऱ्याला लानाई आडोसा देतं, म्हणून तिथे जवळजवळ पन्नास किलोमीटरची अखंड रीफ वाढली. माउईचा दक्षिण भाग, किहेई आणि वायलेआ, हिवाळ्याच्या उत्तर स्वेलपासून सुरक्षित, पण त्याच माउईच्या वायव्य टोकाचा होनोलुआ बे त्या दिवसांत सर्फरांचा. आणि हे नीट बघा: ओआहूची वायआनाए बाजू वाऱ्याआड आहे, पण स्वेलच्या आड नाही. वायव्येची लाट काएना पॉइंटला वळसा घालून माकाहावर फुटते. वाऱ्याचा आडोसा आणि लाटेचा आडोसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या नकाशाचा सगळा खटाटोप या एका फरकासाठी आहे.

स्वेल कधी पोचेल याचा हिशेब सोपा आहे. दोन लाटांमधला काळ सेकंदांत घ्या, त्याला दीडने गुणा, मिळेल तो खोल समुद्रातला लाटांच्या समूहाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. 18 सेकंदांची स्वेल 27 नॉटने येते. दोन हजार सागरी मैलांवरच्या वादळातून ती सुमारे तीन दिवसांत पोचेल. काउआईच्या वायव्येला 188 सागरी मैलांवर 51001 क्रमांकाचा बॉय, म्हणजे लाटा मोजणारं तरंगतं यंत्र आहे, त्याचे आकडे कोणालाही बघता येतात. तिथे सकाळी 18 सेकंदांची लाट चढली की काउआईला सुमारे सात तासांत आणि ओआहूच्या उत्तर किनाऱ्याला दहाएक तासांत ती येणार. सकाळी शांत दिसलेला किनारा संध्याकाळी शांत असेलच असं नाही. उंचीपेक्षा आधी सेकंद बघा: चार फूट आणि 18 सेकंद ही लाट चार फूट आणि 8 सेकंदांपेक्षा कितीतरी भारी पडते. इथले जुने लोक लाट मागून मोजतात, म्हणून त्यांचे सहा फूट म्हणजे समोरून दहा-बारा.

हे सगळं यंत्राशिवाय जाणणारी माणसं होती, हे मला कायम नतमस्तक करतं. 1976 मध्ये होकुलेआ हवाईहून ताहितीला गेली ती मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग यांच्या भरवशावर. तारे, पक्षी आणि स्वेलच्या दिशा, एवढंच. लानाई आणि काहोओलावेमधल्या खाडीचं नाव आजही केआलाइकाहिकी आहे, ताहितीची वाट.

कागद घेऊन बाहेर पडताना

समजा जानेवारी आहे, व्यापारी वारा 15 नॉट, वायव्येकडून 18 सेकंदांची स्वेल. तुम्ही ओआहूवर. उत्तर किनारा फक्त बघायला, ओल्या वाळूच्या वर उभं राहून. माकाहा नको. पूर्वेला वाऱ्याची लाट. राहिला दक्षिण किनारा: वायकिकी, आला मोआना. वारा तिथे जमिनीवरून समुद्राकडे जातो, पाणी गुळगुळीत. पण हाच वारा हवेची गादी किंवा पॅडलबोर्ड घेतलेल्याला खोल समुद्राकडे नेतो, तेव्हा काठालगत राहा. आणि पंचांग बघा. पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी दक्षिणेच्या किनाऱ्यांवर बॉक्स जेलीफिश येतात, पाट्या लागतात. ते दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका. हनाउमा बे आग्नेयेला तोंड करून आहे, वारा पूर्वेकडे कलला की आत लाट येते. तो सोमवारी आणि मंगळवारी बंद असतो, बाहेरून आलेल्यांना आधी ऑनलाइन जागा घ्यावी लागते.

समजा जुलै आहे आणि दक्षिणेची स्वेल. मग उलट: उत्तर किनाऱ्यावर शार्क्स कोव्हसारख्या जागी मासे बघा, वायकिकीत बोर्ड शिका, आणि सँडी बीचपासून लांब राहा. तिथे लाट थेट वाळूवर आपटते आणि मान-पाठीला दुखापती होतात.

काठावर पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटांचा गट दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने येतो, आल्याआल्या दिसतो तो समुद्र खरा नसतो. लाटा फुटत आहेत अशा दोन जागांच्या मध्ये गडद, न फुटणारी, फेस बाहेर नेणारी वाट दिसते का? नवख्याला ती शांत जागा वाटते. रीफमधली खिंड तीच, आणि पाणी तिथून बाहेर जातं. ओढले गेलात तर उलटं पोहू नका. तरंगा, हात वर करा, ओढ कमी झाली की आडवं पोहत बाहेर या. काउआईच्या हानाकापीआईवर लाइफगार्ड नाही आणि अनेक जीव गेले आहेत. तिथे डोंगरवाटेने चालत जा, पाण्यात जाऊ नका. जोराचा पाऊस झाला असेल आणि समुद्र तपकिरी दिसत असेल, तर नदीच्या मुखापासून दूर राहा.

ओआहूत रस्ता विचारलात तर उत्तर-दक्षिण कोणी सांगणार नाही. माउका म्हणजे डोंगराकडे, माकाई म्हणजे समुद्राकडे. होनोलुलूत पूर्वेसाठी डायमंड हेडकडे आणि पश्चिमेसाठी एवाकडे. हे चार शब्द नकाशाच्या मागे लिहा.

कासवापासून निदान तीन मीटर, सीलपासून पंधरा मीटर लांब राहा, ती वाळूवर झोपलेली असली तरी. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन 2021 पासून इथे विकायला बंदी आहे. बाहेरून आणू नका, रीफ आधीच गरम पाण्याने त्रासली आहे.

त्सुनामीचं सांगायलाच हवं. 1 एप्रिल 1946 ला अल्युशियन बेटांजवळच्या भूकंपाच्या लाटेने हवाईत 159 माणसं गेली, बहुतेक हिलोत. 1960 मध्ये चिलीतल्या भूकंपाने पुन्हा हिलोत 61. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी 11:45 ला वाजणारे भोंगे चाचणीचे असतात. दुसऱ्या कुठल्याही वेळी वाजले, किंवा किनाऱ्यावर असताना जमीन जोराने हलली, किंवा पाणी अचानक मागे हटलं, तर सामान सोडून माउका दिशेने वर जा. तुमच्या मुक्कामाची जागा धोक्याच्या पट्ट्यात येते का हे पहिल्याच दिवशी बघून नकाशावर लाल पेन्सिलीने खूण करा.

आणि जिथे लाइफगार्डचा मनोरा असेल तिथेच उतरा. मनोऱ्याखाली उभं राहून विचारा, "आज इथे पाणी कसं आहे, आणि बाहेर ओढ कुठे आहे?" ती माणसं हात दाखवून नेमकी जागा सांगतात. ती जागा तिथल्या तिथे कागदावर मांडून घ्या.